नक्षीदार कागद वाया न घालवता वाढदिवसाची शुभेच्छापत्रे कशी बेतावीत?

बेतकाम (शहापूर, बेळगाव)

नात्यातले, गल्लीतले आणि मुलांच्या वर्गातले धरले तर आमच्या घरातून वर्षाकाठी तीस-पस्तीस जणांना वाढदिवसाचे शुभेच्छापत्र जाते, आणि ते हातानेच केलेले असावे असा माझा कटाक्ष आहे. सुरुवातीच्या दोन वर्षांत मात्र नक्षीदार कागदाचा निम्मा भाग पत्रांवर आणि निम्मा कातरणाच्या पिशवीत जात असे. कागद फार महाग नसतो हे खरे, तरी इतक्या सुंदर छापलेल्या कागदाच्या चिंध्या केरात टाकताना मनाला लागते. पुष्कळ दिवसांनी चूक कुठे होते ते कळले. मी आधी पत्राचे माप ठरवीत होते आणि मग त्या मापाने कागद कापीत होते. करायला हवे होते ते नेमके उलट.

माझी आई शिवणकाम करीत असे. गुळेदगुडच्या खणाची चोळी शिवायला आली की ती कात्रीला हात लावण्यापूर्वी खण जमिनीवर अंथरी, वितीने मोजी, आणि काठ कुठे येतील, बाही कुठून निघेल, उरलेला त्रिकोणी तुकडा कुठे जोडता येईल हे मनात पक्के झाल्याशिवाय कापायला घेत नसे. याला ती बेतणे म्हणे. कागदही तसाच बेतावा लागतो, एवढेच मला सांगायचे आहे. पुढचे सगळे त्याचेच तपशील आहेत.

प्रथम पत्राच्या पायाचा जाड कागद पाहू. ए-फोर कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटरचा असतो आणि त्याची खुबी अशी की, लांबी निम्मी केली तरी लांबी-रुंदीचे प्रमाण बदलत नाही. मधोमध कापला की १४.८ बाय २१ चे दोन तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकडा दुमडला की १०.५ बाय १४.८ चे घडीचे पत्र तयार होते. एका कागदात दोन पत्रे झाली आणि कातरण काहीच उरले नाही. २५० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम भरणाऱ्या, कागदाच्या आसपासचा कागद घ्यावा. त्याहून फार पातळ कागदाचे पत्र टेबलावर नीट उभे राहत नाही.

आता नक्षीदार कागद. तोही ए-फोर आकाराचा असेल तर रुंदीचे दोन आणि लांबीचे तीन भाग करावेत. त्यातून १०.५ बाय ९.९ चे सहा तुकडे निघतात, आणि प्रत्येक तुकड्याची रुंदी पत्राच्या रुंदीइतकीच असते. तो वरच्या कडेला जुळवून चिकटवला की खाली साधारण पाच सेंटिमीटर कोरी जागा राहते आणि तेथे नाव व शुभेच्छा लिहिता येतात. कागद फारच आवडता असून पुरवून वापरायचा असेल तर त्याचे १४.८ बाय ५.२५ चे आठ उभे तुकडे करावेत आणि घडीच्या बाजूला लावावेत. या दोन्ही प्रकारांत कागदाचा कणही उरत नाही.

गिफ्ट पेपरचा मोठा ताव मात्र वेगळा विचार मागतो. माझ्याकडे असतो तो ५० बाय ७० सेंटिमीटरचा. पत्राच्या चारही बाजूंना अर्धा सेंटिमीटर कड सोडायची तर ९.५ बाय १३.८ चा तुकडा लागतो. ५० च्या बाजूला असे पाच आणि ७० च्या बाजूलाही पाच बसतात, म्हणजे एका तावात पंचवीस. उरते ती अडीच सेंटिमीटर रुंदीची लांब पट्टी आणि एक सेंटिमीटरची अरुंद पट्टी. रुंद पट्टीतून १३.८ लांबीच्या पाच उभ्या किनारी निघतात, म्हणजे आणखी पाच पत्रे झाली. अरुंद पट्टीचे तीन-तीन सेंटिमीटरचे पंधरा तुकडे होतात. त्यांच्या मेणबत्त्या होतात, किंवा ज्यांच्याकडे वाढदिवसाला औक्षण करतात त्यांच्या पत्रावर निरांजनाच्या वाती होतात. पेन्सिलीने तावाच्या मागच्या बाजूवर ही आखणी पूर्ण झाल्याशिवाय मी कटर बाहेर काढत नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, ती बऱ्याच जणांना सुचत नाही. नक्षीच्या तुकड्यावर आपण दुसरा साधा कागद चिकटवतो, तेव्हा त्याच्या खाली नक्षीचा मोठा भाग कायमचा झाकला जातो. ९.५ बाय १३.८ च्या नक्षीवर ८.५ बाय १२.८ चा पांढरा कागद येणार असेल, तर चिकटवण्यापूर्वी नक्षीच्या मधला ७.५ बाय ११.८ चा तुकडा कटरने काढून घ्यावा. एक सेंटिमीटर रुंदीची चौकट उरते, तिचा निम्मा भाग पांढऱ्या कागदाखाली जाऊन चिकटतो आणि निम्मा दिसतो. काढलेला तुकडा दुसऱ्या पत्राला पुरतो. इतरांनीही आपापल्या पद्धती सांगाव्यात.

जुना छापखाना (टिळकवाडी, बेळगाव)

बेतकामताई, छापखान्यात आम्ही रोज हेच करतो. गिऱ्हाइकाने पत्रिकेचे माप सांगितले की तावात किती नग बसतात हे आधी काढायचे, आणि एक-दोन मिलिमीटर कमी केल्याने एक ओळ जास्त बसत असेल तर तसे गिऱ्हाइकाला सांगायचे, ही आमची पहिली शिकवण असे. आपल्या हिशेबात मला एका गोष्टीची भर घालावीशी वाटते, ती म्हणजे तंतूंच्या दिशेची. आम्ही तिला ग्रेन म्हणतो.

गिरणीत कागदाचा लगदा सरकत्या जाळीवर पसरला जातो, तेव्हा बरेचसे तंतू जाळी ज्या दिशेला धावते त्या दिशेला वळतात. या दिशेला समांतर घडी घातली तर ती स्वच्छ आणि सरळ पडते. आडवी घातली तर जाड कागद घडीवर तडकतो आणि रंगीत कागदाचा पांढरा गाभा दिसू लागतो. असे पत्र मग टाकून द्यावे लागते, म्हणजे वाया जाण्याचे हेही एक मोठे कारण आहे. दिशा ओळखणे सोपे आहे. कागद न मोडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो, त्या वाकाला समांतर तंतू असतात. खात्री करायची असेल तर छोट्या तुकड्याची एक बाजू ओली करावी. तंतू रुंदीत फुगतात, त्यामुळे तुकडा नळीसारखा वळतो आणि त्या नळीची लांबी तंतूंची दिशा दाखवते.

ताईंनी सांगितलेल्या मापात ए-फोरचे तंतू २९.७ च्या बाजूने असतील तर पत्राची घडी आपोआप तंतूंना समांतर येते. नक्षीचा तुकडाही शक्यतो त्याच दिशेने लावावा. दोन थरांचे तंतू एकमेकांना आडवे असले की गोंद वाळताना एक थर एकीकडे ओढतो, दुसरा दुसरीकडे, आणि पत्राला बाक येतो.

घडी घालण्यापूर्वी रेघ दाबून घ्यावी, ही विनंती. रिकाम्या रिफिलचे बॉलपेन पट्टीच्या कडेने दोनदा ओढले की पुरते.

आणि कातरणाबद्दल. लग्नसराईत कोणत्याही छापखान्याच्या कटिंग मशीनखाली दोन-तीन सेंटिमीटर रुंदीच्या सुंदर जाड पट्ट्यांचा ढीग पडलेला असतो. तो रद्दीत किलोवर जातो. ओळखीच्या छापखान्यात मागून पाहावे. चांगल्या कामासाठी मागितले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. आपल्या शेजारच्या दांडेलीत १९५५ साली कागदाची गिरणी स्थापन झाली, आणि ज्या रानातल्या बांबूपासून तेथे वर्षानुवर्षे लगदा झाला ते रान आपल्यापैकी कित्येकांनी पाहिलेले आहे. पट्टी केरात टाकताना मला अजूनही त्या रानाची आठवण होते.

मलप्रभा (खानापूर)

पत्राचे सगळे झाले, पण पाकिटाचे काय? तयार पाकिटे घेतली तर घरच्या कागदाचा उपयोग होत नाही, आणि घरी केली तर साच्याप्रमाणे कापताना चारही कोपरे वाया जातात. मी कापण्याची गरज नसलेली पद्धत वापरते. ए-फोरचा पातळ कागद उभा धरावा. दोन्ही लांब बाजू पूर्ण उंचीभर २.४ सेंटिमीटर आत दुमडाव्यात, म्हणजे रुंदी १६.२ राहते. मग खालची बाजू ११.४ सेंटिमीटर वर दुमडावी, वर ६.९ सेंटिमीटरचे झाकण उरते. बाजू चिकटवल्या की ए-सिक्स, म्हणजे १०.५ बाय १४.८ च्या, पत्राचे पाकीट तयार होते. कात्री लागत नाही. जुन्या कॅलेंडरची पाने या मापात कापून घेतली तर पाकिटाच्या आत तारखा दिसतात, आणि लहान मुले त्यात आपला वाढदिवस शोधतात.

वेदगंगा (निपाणी)

मलप्रभाताईंच्या पद्धतीने काल तीन पाकिटे केली. दिसायला नेटकी झाली, पण पत्र आत जाईना. माप तीन वेळा तपासले, ते बरोबर आहे. माझे काय चुकले असावे?

दुसरी अडचण खळीची. आमच्या घरी पतंगापासून वह्यांच्या कव्हरापर्यंत सगळे गव्हाच्या पिठाच्या खळीनेच चिकटवले जाते. पत्राला खळ लावली तर नक्षीच्या कागदावर सुरकुत्या पडल्या, आणि एक चकचकीत गिफ्ट पेपर तर वाळल्यावर सबंध सुटून आला.

मलप्रभा (खानापूर)

आपण बहुधा २.४ सेंटिमीटरच्या पूर्ण पट्टीला गोंद लावला असावा. तसे केले की समोरची आणि मागची पट्टी एकमेकींना सबंध चिकटते आणि आतली जागा ११.४ सेंटिमीटरच उरते; १४.८ चे पत्र त्यात जाणार नाही. हे मी आधीच लिहायला हवे होते. गोंद बाहेरच्या घडीलगत जेमतेम चार मिलिमीटर लावावा, म्हणजे आत १५.४ सेंटिमीटर जागा राहते. झालेली पाकिटे टाकू नयेत. सुपारी, बिया किंवा भेटीचे पैसे ठेवण्यासाठी ती चांगली आहेत.

बेतकाम (शहापूर, बेळगाव)

वेदगंगाताई, खळीत पाणी पुष्कळ असते आणि कागद ते पिऊन पसरतो, त्याच सुरकुत्या. खळ घट्ट शिजवून, थंड करून, ब्रशने अगदी पातळ थर द्यावा, मिनिटभर कागद तसाच ठेवून त्याचे पसरणे पूर्ण होऊ द्यावे आणि मग मधून बाहेर हात फिरवीत चिकटवावे. त्यानंतर दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये घालून रात्रभर जाडजूड पुस्तकांखाली ठेवावे. हे जमत नसेल तर पेन्सिलीसारखी गोंदाची कांडी बरी, कारण तिच्यात पाणी कमी असते. पूर्वीचे बाइंडर खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालीत. तो विषारी असतो, म्हणून मुले हाताळणार असलेल्या पत्रांसाठी तो मुळीच वापरू नये.

चकचकीत कागदाचे कारण निराळे आहे. त्यावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो आणि काही तर सबंध प्लॅस्टिकचेच असतात. मुठीत चुरगाळून सोडावा. कागद असेल तर चुरगाळलेलाच राहतो, प्लॅस्टिक असेल तर हळूहळू उलगडतो. उलगडणारा कागद मी विकत घेत नाही. त्याला खळ धरत नाही, आणि त्याचे कातरण रद्दीवालाही कागदात धरत नाही.

हिरण्यकेशी (संकेश्वर)

जुन्या लग्नपत्रिकांविषयी मला विचारायचे आहे. आमच्या घरी त्यांचा मोठा गठ्ठा आहे. नक्षी देखणी, कागद जाड, पण प्रत्येकीवर गणपती आहे. ती कापायला सासूबाईंचे मन घेत नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही घेत नाही. टाकवतही नाहीत. अशा पत्रिकांचे आपण काय करता?

जुना छापखाना (टिळकवाडी, बेळगाव)

हा प्रश्न मला गिऱ्हाइकेही विचारीत. मी असे सुचवतो की चित्रापासूनच आखणी सुरू करावी. गणपतीभोवती पुरेशी जागा सोडून तो भाग अखंड चौकोनात आधी वेगळा करावा, म्हणजे कटर मूर्तीवरून कधीच जात नाही. हा चौकोन नव्या पत्राच्या वरच्या भागावर जसाच्या तसा लावता येतो. आपल्याकडे कोणत्याही शुभकार्याच्या आरंभी गणपती असतोच, तेव्हा वाढदिवसाच्या पत्रावर तो शोभतो. पण ज्यांना पत्र जायचे ते ते पुढे कसे ठेवतील याची खात्री नसेल, तर ते चौकोन घरी एका वहीत चिकटवून ठेवावेत. उरलेल्या पत्रिकेच्या किनारी, कलशाची नक्षी आणि मागची कोरी बाजू निःशंकपणे वापरावी. नावे छापलेला भाग मात्र आतल्या बाजूला जाईल असे पाहावे.

एक आठवण सांगतो. पूर्वी हिशेबाच्या वह्यांना आत अबरीचा कागद लावीत, ढगांसारखी रंगीत लहरी नक्षी असलेला. पाण्यावर रंग तरंगवून तो कागदावर उचलण्याची ही कला सतराव्या शतकात आदिलशाही विजापुरात इतकी पुढे गेली होती की तेथील चित्रकारांनी अबरीतून घोडे आणि माणसे साकारली. जुन्या वहीची अबरी शाबूत मिळाली तर ती किनारीला वापरावी. तशी नक्षी दुसऱ्यांदा होत नाही, म्हणून तिची एक चिंधीही मी टाकलेली नाही.

वेदगंगा (निपाणी)

पाकिटाचे जमले. आभारी आहे.

नक्षीच्या मधला तुकडा काढून घेण्याविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. पत्र हातात घेतल्यावर त्याला वजन जाणवावे, अशी माझी अपेक्षा असते. मधून पोकळ केलेले पत्र मला हलके लागते, आणि कडेचा उंचवटा बोटाला कळतो. आजोबांच्या पंच्याहत्तरीला दिलेल्या पत्रात मी असे काही काढून घेणार नाही.

बेतकाम (शहापूर, बेळगाव)

आपले म्हणणे मला पटते आणि ते मी अनुभवलेलेही आहे. नक्षीचा कागद शंभर जीएसएमच्या आत असेल तर उंचवटा जाणवत नाही. त्याहून जाड असेल तर पोकळी साध्या वहीच्या कागदाने भरून घ्यावी. तरीही जे पत्र वर्षानुवर्षे जपले जाणार आहे, त्यात नक्षी अखंड असावी हेच बरे. वर्गातल्या मुलांना जाणारी पत्रे निराळी. तेथे एका कागदातून दोन मुलांना आनंद देता येत असेल तर मी मधला तुकडा काढून घेईनच.

सातवी तुकडी (चिकोडी)

मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गात चाळीस मुले आहेत आणि प्रत्येकाच्या वाढदिवसाला इतरांनी मिळून केलेले पत्र द्यावे, असे यंदा ठरवले आहे. हा धागा वाचून मी ५० बाय ७० चा ताव आणला, पण त्यावरचे मोर ५० च्या बाजूने उभे आहेत. ताईंच्या आखणीप्रमाणे कापले तर सगळे मोर आडवे पडतात. दिशा बदलून आखले तर एका तावात एकवीसच तुकडे निघतात आणि मोठी पट्टी उरते. यातून काही मार्ग आहे का? शिवाय निम्मी मुले घरी कन्नड बोलणारी आहेत, तेव्हा मजकूर कसा मांडावा हेही सुचवावे.

मलप्रभा (खानापूर)

कागद फिरवू नये, पत्र फिरवावे. उभ्या पत्राऐवजी आडवे करावे, म्हणजे जाड कागदाची घडी वर येते आणि पत्र तंबूसारखे उभे राहते. तुकड्याची १३.८ ची बाजू आडवी झाली की मोर सरळ उभे राहतात आणि पंचवीसही निघतात. या घडीसाठी जाड ए-फोर कागद पहिल्यासारखाच मधोमध कापावा, म्हणजे १४.८ बाय २१ चे दोन तुकडे होतील. प्रत्येक तुकड्याची २१ ची बाजू मधोमध दुमडून १४.८ ची घडी वर धरली की आडवे पत्र तयार. पत्रांची संख्या तेवढीच राहते. घडी तंतूंना समांतरच राहते, तरी छापखानेवाल्या काकांनी सांगितलेली रेघ येथे न विसरता दाबावी, आणि ती एकदा नव्हे तर दोन-तीनदा.

बेतकाम (शहापूर, बेळगाव)

मलप्रभाताईंनी सांगितले तेच मीही सांगितले असते. चाळीस पत्रांना वीस जाड कागद लागतील. दोन ताव आणलेत तर पन्नास तुकडे निघतील. दहा शिल्लक राहतील ते चिरून पाकिटांच्या झाकणांवर लावता येतील. उरलेल्या अडीच सेंटिमीटरच्या पट्टीचे मुलांकडून तोरण करून घ्यावे. पट्टीवर नागमोडी न कापता सरळ तिरप्या रेघा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशा मारल्या की एक त्रिकोण उभा आणि त्याच्या शेजारचा उलटा निघतो, आणि दोन त्रिकोणांच्या मधे काहीच उरत नाही. दुसरी-तिसरीतली मुलेही हे पट्टीने आखू शकतात. कटर मात्र आपल्याच हातात ठेवावा.

मजकुराबद्दल माझे मत असे. तंबूच्या घडीच्या पत्राला दोन बाजू असतात. एका बाजूला 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' आणि दुसऱ्या बाजूला 'हुट्टुहब्बद शुभाशयगळु' असे लिहावे. कन्नड अक्षरे त्या मुलांकडूनच लिहून घ्यावीत, आणि मराठी मुलांनी ती बघून एकदा तरी गिरवावीत. ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या भाषेची बाजू त्या दिवशी पुढे ठेवावी.

हिरण्यकेशी (संकेश्वर)

सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. गणपतीचे चौकोन वहीत चिकटवण्याचे त्यांनी स्वतःकडे घेतले आहे. अगदी बारीक तुकड्यांसाठी माझी एक भर: अर्ध्या सेंटिमीटरचे चौकोन करून आलेखाच्या कागदावर मांडले तर कसुती या कानडी कशिद्यातल्या नक्षीसारखे गोपुर, तुळशीवृंदावन, हत्ती असे आकार होतात, कारण कसुतीतही सगळे सरळ आणि तिरप्या टाक्यांतच बसवलेले असते. कसुतीत मागच्या बाजूला गाठ दिसू देत नाहीत. तसे येथे चौकोनांच्या कडांवर गोंद दिसू देऊ नये. चिमट्याने उचलून, टाचणीच्या टोकाने गोंद लावावा. एका हत्तीला दीड तास लागतो, तेव्हा हा प्रकार घरातल्या एखाद्याच पत्रासाठी करावा.

सातवी तुकडी (चिकोडी)

आज पहिला ताव मुलांसमोर फळ्यावर टाचून आखला. पन्नास भागिले साडेनऊ आणि सत्तर भागिले तेरा पूर्णांक आठ हे दोन भागाकार मुलांनी स्वतः केले, आणि उरलेली पट्टी किती रुंद येणार हे कापण्याआधीच सांगितले. पंचवीस तुकडे निघाले, मोर सरळ उभे आहेत. एक पत्र टपालाने गावी गेलेल्या मुलीला पाठवायचे आहे. पाकिटासह त्याचे वजन किती भरेल?

जुना छापखाना (टिळकवाडी, बेळगाव)

त्यासाठी काट्याची गरज नाही, जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन, त्यावरून काढता येते. आपल्या घडीच्या पत्राचा उलगडलेला कागद ०.०३१ चौरस मीटरचा आहे, म्हणजे २५० जीएसएमचा असेल तर पावणेआठ ग्रॅम. नक्षीचा तुकडा १२० चा धरला तर दीड ग्रॅमहून थोडा जास्त. मलप्रभाताईंचे पाकीट अख्ख्या ए-फोरचे, ८० जीएसएमचे, म्हणजे पाच ग्रॅम. सगळे मिळून साडेचौदा ग्रॅमच्या आसपास होतात आणि साध्या टपालाच्या वीस ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात बसतात. वर आणखी जाड थर किंवा मणी लावू नयेत. उंचवट्यामुळे शिक्का मारताना पाकीट फाटते.